माहीत नाही

शाळामास्तराला न आवडणारे शब्द कोणते, असे मला कुणी विचारले असते तर मी क्षणाचाही विचार न करता सांगितले असते : ‘माहीत नाही’. चुकीचे उत्तर मास्तराला चालते. ते पुसून त्या जागी बरोबर उत्तर लिहिता येते. थोडे रागावता येते, थोडे हसता येते, आणि तास पुढे सरकतो. पण एखादा मुलगा ‘माहीत नाही’ म्हणून शांतपणे उभा राहिला, की मास्तराच्या हाती काहीच उरत नाही. वीस वर्षे मी या दोन शब्दांशी वैर धरले होते. ते वैर यंदाच्या गणपतीच्या तोंडावर, माझ्या घरच्या मेजावर, एका जुन्या लॅपटॉपच्या साक्षीने संपले. त्याची ही हकीकत.

हा लॅपटॉप मी घेतला तोच मुळी दुसऱ्याने वापरलेला. माझ्या भाच्याने त्यातली मूळची मांडणी पुसून लिनक्स घालून दिले. ‘‘मामा, हे फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही नीट चालतं,’’ तो म्हणाला. मला दोन्ही गुण पटले. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला यंत्राकडून हवे तरी काय असते? अक्षरे उमटावीत, आणि संपादकांचा तगादा आला की ती वेळेवर पोचावीत. दोन वर्षे दोन्ही गोष्टी सुरळीत चालल्या. आणि दिवाळी अंकाच्या मजकुराची मुदत चार दिवसांवर आली असताना एके दिवशी सकाळी पडद्याच्या कोपऱ्यातले वाय-फायचे ते इवलेसे पंख्यासारखे चिन्ह नाहीसे झाले.

पुढचे तीन दिवस मी जे केले त्याला मी त्या वेळी ‘दुरुस्ती’ म्हणत होतो. पहिल्या दिवशी भिंतीवरचा राउटर सात वेळा बंद करून सुरू केला. ज्यांच्याकडून जोडणी घेतली होती त्यांना फोनवरून चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी मला आठवले, की मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी आणि वाय-फायच्या लहरी जवळजवळ एकाच जातीच्या असतात. सेकंदाला सुमारे दोन अब्ज चाळीस कोटी कंपने दोघांचीही. झाले! ओव्हनवर बंदी आली, आणि आमच्या हिने दिवसभर सगळे गॅसवर गरम केले. तिसऱ्या दिवशी माझा संशय शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलावर गेला. आमचे वाय-फाय तोच ओढून घेत असणार, असे मी त्याच्या वडिलांना आडून आडून सुचवले. त्यांनी चहा दिला, पण साखर कमी घातली.

त्याच संध्याकाळी मखराची रोषणाई करायला तो आला. गावातच त्याचा विजेच्या कामांचा आणि मोबाइलदुरुस्तीचा छोटा धंदा आहे. माझाच विद्यार्थी. आठ वर्षांपूर्वी सातवीत माझ्या वर्गात होता. दहावीनंतर शिकला नाही. दिव्यांच्या माळा लावून झाल्यावर माझा चेहरा पाहून त्याने विचारले, ‘‘सर, काही बिघडलंय का?’’

मी लॅपटॉप पुढे सरकवला. ‘‘वाय-फाय गेलंय. काय झालं असेल रे?’’

त्याने पडद्याकडे पाहिले आणि तो सहज म्हणाला, ‘‘माहीत नाही.’’

आणि मला एकदम तो तास आठवला.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि मुलांना मारायला बंदी आली. मी छडी टाकली. जीभ मात्र टाकली नाही. त्या दिवशी मी भूगोलाचा प्रश्न विचारला होता : सह्याद्रीच्या अलीकडे पाऊस धो धो पडतो आणि पलीकडे दहा-वीस कोसांवर तो एकाएकी का आटतो? हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘माहीत नाही सर, पण—’’ मी त्याला पुढे बोलू दिले नाही. ‘‘वा! आता हे तुझ्या प्रगतिपुस्तकावरच छापून घेऊ,’’ मी म्हणालो. वर्ग खदखदून हसला. वर्षभर मुले त्याला ‘माहीतनाही’ याच नावाने हाका मारीत होती. मला ते ठाऊक होते. मी एकदाही कुणाला हटकले नाही. त्यानंतर त्या मुलाने माझ्या वर्गात ते शब्द पुन्हा उच्चारले नाहीत. काही दिवस तो काहीतरी ठोकून द्यायचा. पुढे पुढे उत्तर द्यायचाच बंद झाला.

तो मात्र आता माझ्याकडे पाहत नव्हता. ‘‘घरातले फोन वाय-फायवर चालतायत का?’’ त्याने विचारले.

स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘माझा चालतोय की! कालच अर्धा तास ताईशी बोलले.’’

‘‘अगं, मग मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘तुम्ही विचारलंत कुठं?’’

त्याने तिचा फोन मागून घेतला, त्यातला मोबाइलचा डेटा बंद केला आणि पुन्हा पाहिले. फोन नुसत्या वाय-फायवर नीट चालत होता. एका प्रश्नासरशी राउटर, जोडणी देणारे, ओव्हन आणि शेजारचा मुलगा असे चौघेही निर्दोष सुटले. तीन दिवस मी ज्यांना पिंजऱ्यात उभे केले होते, त्यांच्यापैकी एकाचाही गुन्ह्याशी संबंध नव्हता. बिघाड लॅपटॉपच्या आत होता.

मग त्याने एक काळी खिडकी उघडली आणि तीत ‘एलएसपीसीआय’ अशी आज्ञा लिहिली. यंत्रात कोणकोणते भाग बसवले आहेत त्यांची यादी समोर आली. तीत वाय-फायचे कार्ड होते. ‘‘म्हणजे कार्ड मेलेलं नाही, जागेवर आहे,’’ तो म्हणाला. पुढची आज्ञा ‘आरएफकिल’. बिनतारी भाग कळ दाबून किंवा आज्ञेने बंद करून ठेवलेला असेल, तर ही आज्ञा ते सांगते. कित्येक लॅपटॉपांत अशी एक कळ असते. चुकून बोट लागले की वाय-फाय झोपी जाते, आणि माणूस मात्र रात्रभर जागतो. पण इथे त्या यादीत ब्लूटूथ होते, वाय-फायचे नावच नव्हते.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण एवढे मला कळले. ‘‘म्हणजे हजेरीपटावर नाव आहे, आणि वर्गात पोरगा नाही!’’

‘‘अगदी बरोबर, सर. त्याला आत आणणारा कुणी नाही.’’ त्याने पहिल्याच आज्ञेला एक शेपूट जोडले. आता प्रत्येक भागाखाली त्याला चालवणाऱ्या ड्रायव्हरचे नाव छापून आले. ध्वनीच्या भागाखाली नाव होते, चित्राच्या भागाखाली होते. वाय-फायच्या कार्डाखालची ती ओळ मात्र गायब.

‘‘सर, चार दिवसांत काय बदललं?’’

काही नाही, असे मी म्हणणार होतो. पण आठवले. मध्यंतरी पडद्यावर नव्या सुधारणांची पाटी आली होती, आणि मी न वाचता ‘होय’ म्हटले होते. ‘‘मग कर्नल नवा आला असेल,’’ तो म्हणाला. कर्नल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मिशीवाले लष्करी अधिकारी उभे राहिले. नंतर उलगडा झाला, की हा कर्नल म्हणजे फळाचा गर किंवा बीचा गाभा असतो तसला. यंत्र आणि बाकीचे सारे कार्यक्रम यांच्यामधला तो कारभारी. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने १९९१ साली तो लिहायला घेतला. हा आपला नुसता छंद आहे, असे म्हणत. त्याने सारे लिखाण जगापुढे उघडे ठेवले, आणि जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत. तिथल्या नव्या छपाईयंत्रात कागद सारखा अडके. तो अडकला की लोकांना निरोप जाईल, अशी सोय त्यांना करायची होती. पण यंत्राच्या कार्यक्रमाचे मूळ लिखाण त्यांना कुणी दाखवीना. स्वतःच्या दारातला बिघाड समजून घ्यायची मनाई! त्या आणि तसल्या अनुभवांतून १९८३ साली त्यांनी मोकळ्या कार्यक्रमांची चळवळ उभारली.

माझ्या लॅपटॉपचे दुखणे याच जातीचे निघाले. आतल्या कार्डाचे गुपित ते बनवणाऱ्यांनी उघड केलेले नव्हते. त्यामुळे त्याचा ड्रायव्हर गाभ्यात सामावलेला नाही; तो बाहेरून आणून जोडावा लागतो, आणि गाभा बदलला की नव्या गाभ्याच्या मापाने पुन्हा बेतावा लागतो. ते माप ज्या फायलींत असते त्या माझ्याकडे आल्याच नव्हत्या. शिंपी आला होता, कापड होते. माप नव्हते म्हणून अंगरखा शिवला गेला नाही.

‘‘मग आता?’’ मी म्हटले. ‘‘त्या फायली आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट यायला त्या फायली हव्यात!’’

तो हसला. ‘‘जुना गाभा असतो, सर. तो लगेच टाकून देत नाहीत.’’ यंत्र पुन्हा सुरू होताना त्याने एक कळ दाबून धरली. एरवी न दिसणारी यादी आली. तीतला आदला गाभा त्याने निवडला. आणि कोपऱ्यात ते पंख्यासारखे चिन्ह पुन्हा उगवले! आमच्या आईने गॅस आल्यावरही स्टोव्ह वर्षभर माळ्यावर ठेवला होता, त्याची मला आठवण झाली. जुना गाभाही नसता तर फोन तारेने लॅपटॉपला जोडून त्याचे इंटरनेट उसने घेता येते, हेही त्याने सांगून ठेवले. मग जुन्या गाभ्यावर बसून त्याने मापाच्या फायली उतरवल्या, ड्रायव्हर बेतून घेतला, आणि यंत्र नव्या गाभ्याने सुरू केले. चिन्ह जागेवर होते. सगळे मिळून पाऊण तास.

चहा पिताना त्याने आणखी एक गंमत सांगितली. लिनक्सच्या मांडण्यांपैकी डेबियन ही १९९३ सालची, फार सोवळी. ज्याचे मूळ लिखाण उघडे नाही, ते आपल्या मूळ ताटात वाढायचे नाही, असा तिचा बाणा. पण अनेक वाय-फाय कार्डांना सुरू होतानाच कारखानदाराचा एक बंद कार्यक्रम भरवावा लागतो. तो ताटात नसल्यामुळे कित्येकांचे वाय-फाय पहिल्या दिवसापासून मुके राही. अखेर २०२२ साली तिथल्या सभासदांनी मते घेतली आणि सोवळे सैल केले. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते कार्यक्रम बरोबरच येऊ लागले. कुणाला हा तत्त्वाचा पराभव वाटला, कुणाला शहाणपण. घरात सोवळ्याओवळ्याचे वाद ऐकत वाढलेल्या मला दोन्ही बाजू ओळखीच्या वाटल्या.

‘‘हे सगळं तू शिकलास कुठं?’’ मी विचारले.

‘‘कुठं नाही, सर. एकदा अंदाजानं वायर कापली आणि जबरदस्त झटका बसला. तेव्हापासून आधी टेस्टर लावतो. काय बिघडलंय ते आधी माहीत नसतंच. जे बिघडलेलं नाही ते एकेक बाजूला काढत जायचं. शेवटी उरतं ते.’’

मी कप खाली ठेवला. जे बोलायचे होते ते बोलायला मला पाऊण तासाहून जास्त, खरे म्हणजे आठ वर्षे लागली होती. ‘‘सातवीत मी तुला वर्गात हसलो होतो. मुलं तुला त्या नावानं हाका मारायची, तेही मी ऐकत होतो. माझं चुकलं.’’

तो गडबडला. वायरचे वेटोळे उगाच हातात फिरवत म्हणाला, ‘‘जाऊ द्या हो, सर.’’ माझ्याकडे त्याने पाहिले नाही. ते वाक्य ‘काही वाटलं नाही’ असे नव्हते, हे मला कळले.

‘‘एक सांग. त्या दिवशी तू ‘माहीत नाही, पण’ म्हणाला होतास. त्या ‘पण’च्या पुढं काय होतं?’’

त्याने खरोखरच आठवून पाहिले. भुवया जवळ आणून, मघाशी पडद्याकडे पाहत होता तसाच तो थोडा वेळ बसला. मग मान हलवली. ‘‘आता नाही आठवत, सर.’’

यंत्राने आपला जुना गाभा सांभाळून ठेवला होता. मागे जाऊन तिथून पुन्हा सुरुवात करता आली. मुलाच्या मनाची अशी यादी कुठली कळ दाबून उघडायची? तेरा वर्षांचा एक मुलगा सह्याद्रीच्या पावसाबद्दल स्वतःच्या डोक्याने काहीतरी सांगणार होता. ते बरोबर होते की चूक, हे आता कुणालाच कळणार नाही.

त्याने मखराच्या कामाचे पैसे घेतले, लॅपटॉपचे घेईना. हिने रव्याचे लाडू बांधून दिले, ते मात्र घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागितली. चहा मिळाला, साखर बेताची होती.

संपादकांकडे पाठवायची कथा तयार होती. ती मी बाजूला ठेवली आणि रात्री बसून हे लिहिले. गौरी-गणपतीची सुटी संपल्यावर पहिल्याच तासाला एका मुलीला मी प्रश्न विचारला. ती उभी राहिली, बाकाच्या कडेवर बोट फिरवीत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘‘माहीत नाही, सर.’’

वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी खडू खाली ठेवला, खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, ‘‘बरं. पण?’’