‘थोडीशी काळजी वाटतेय’ असं म्हणू नका

ही पोस्ट लिहू की नको, यातच दोन महिने गेले. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

जानेवारीत आमच्या सहा वर्षांच्या लेकाला कांजिण्या आल्या. अर्ध्या वर्गाला आल्या होत्या, म्हणून फार मनावर घेतलं नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी परत चढला. पाय दुखतो म्हणून रडत होता, पाऊल टेकवेना. दुपारी दाखवलं, तर ‘व्हायरल आहे, पॅरासिटामॉल द्या’. इथे इंग्लंडमध्ये हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

रात्री अंग तापलेलं, पण हातपाय गार. श्वास भरभर. सकाळपासून शू झालेली नव्हती, हे मला गाडीत बसल्यावर आठवलं! इमर्जन्सीच्या रिसेप्शनवर मी काय म्हणाले असेन? ‘अ बिट वरीड’. आपण असंच बोलतो ना? उगाच कोणाला त्रास नको. चाळीस मिनिटं खुर्चीवर बसून राहिलो.

मग नर्सने आत घेतलं. तिने पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. छातीच्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून धरलं आणि सोडल्यावर रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. दोन सेकंदांत यायला हवा, त्याला चार लागले. मग विचारलं, तो नेहमीसारखा वागतोय का? नवरा मराठीतच पुटपुटला, ‘हा आपला वाटतच नाहीये गं.’ मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तिने तिथूनच भिंतीवरचं बटण दाबलं. ‘सेप्सिस’ हा शब्द आमच्या घरासाठी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला.

सेप्सिस म्हणजे जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतं. कांजिण्यांच्या फोडातून स्ट्रेप्टोकॉकस आत शिरला होता. अर्ध्या तासाच्या आत रक्त घेतलं, लॅक्टेट तपासलं, शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाइन सुरू झालं. नऊ दिवस राहिलो. आता पळतोय, भांडतोय.

त्या नर्सकडून नंतर कळलेलं सांगते. मुलांच्या तक्त्यात श्वास, नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब यांच्यासोबत आईवडिलांना वाटणाऱ्या काळजीचाही रकाना असतो. म्हणजे आपण जे बोलतो ते तिथे लिहिलं जातं. आणि आपल्या सावळ्या रंगावर फिकटपणा, निळसरपणा चटकन दिसत नाही. तळहात, तळपाय, ओठ, जीभ बघा. पुरळ दिसलं तर काचेचा ग्लास दाबून बघा; ते पुसट होत नसेल, मूल उठवूनही नीट जागं होत नसेल, आकडी आली, श्वास खूप जोरात चालला, तर थेट ९९९.

वॉर्डात असूनही प्रकृती बिघडतेय आणि कोणी ऐकत नाहीये असं वाटलं, तर ‘मार्थाज रूल’ हा शब्द वापरा. मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी २०२१मध्ये लंडनला सेप्सिसने गेली. तिच्या आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती. त्यांच्या लढ्यातून २०२४पासून इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत ही सोय सुरू झाली: वेगळ्या टीमकडून तातडीने तपासणी मागायची, दिवसा किंवा रात्री केव्हाही. नंबर वॉर्डच्या भिंतीवर असतो. आमच्याही होता, मी तो सहाव्या दिवशी वाचला.

मे महिन्यात सासूबाई येताहेत. आम्ही कामावर असताना पोरं त्यांच्याकडेच असणार, आणि इंग्रजीची बोंब. म्हणून फ्रिजवर देवनागरीत कागद लावलाय: ‘आय ॲम व्हेरी वरीड. कुड धिस बी सेप्सिस?’ व्हिडिओ कॉलवर रोज सराव चालू आहे. ‘व्हेरी’वर त्या इतका जोर देतात की नातू खो-खो हसतो. मी म्हटलं, आई, अगदी असंच म्हणा.