नगरचे रणगाडे

नगरला आलेला प्रवासी बहुधा भुईकोट किल्ला पाहतो, चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर पाहतो आणि शिर्डीची वाट धरतो. २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जुन्या जिभेवर 'नगर'च रुळलेले आहे. आम्ही मात्र मुलांच्या हट्टापायी तिथल्या रणगाडा संग्रहालयात गेलो. १९९४ साली ते सुरू झाले. देशोदेशींचे रणगाडे तिथे उघड्यावर उभे आहेत.

पाकिस्तानच्या पॅटनपाशी थोरला थबकला. "बाबा, असे शंभर असले की लढाई जिंकलीच ना?"

उत्तर इतिहासातच होते. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरला शत्रूजवळ हेच नवे पॅटन होते. आपल्या डेक्कन हॉर्सजवळ दुसऱ्या महायुद्धातले शर्मन! पण आपल्या लोकांनी पाणी सोडून शेते भिजवली, उसाच्या आडून नेम धरला आणि चिखलात रुतलेल्या पॅटनांची दैना उडाली. डेक्कन हॉर्सचे नेतृत्व होते अलिबागच्या अरुणकुमार वैद्यांकडे. त्यांना महावीरचक्र मिळाले.

१९७१ साली शकरगड भागात याच वैद्यांकडे सोळावी स्वतंत्र चिलखती ब्रिगेड होती. ब्रिगेड म्हणजे नुसत्या रणगाड्यांच्या तीनचार पलटणी नव्हेत. सोबत पायदळ हवे, तोफखाना हवा आणि सुरुंग काढणारे इंजिनिअरही हवेत. बसंतर नदीपाशी जमिनीत सुरुंगच सुरुंग पेरलेले होते. इंजिनिअर अंधारात वाट मोकळी करीत होते. पलीकडे पोहोचलेल्या पायदळाला रणगाड्यांची तातडीची गरज होती, म्हणून वाट पुरती साफ होण्याआधीच पूना हॉर्सचे रणगाडे आत शिरले. १६ डिसेंबरला पुण्यात जन्मलेले अवघे एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल पेटलेला रणगाडा न सोडता लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, वैद्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र. पुढे वैद्य सरसेनापती झाले.

आता पायदळही रणगाड्यांच्या वेगाने जावे म्हणून चिलखती गाड्यांतून जाते. या यांत्रिक पायदळाचे केंद्र नगरलाच आहे. एका बीएमपी गाडीत तिघे चालक-तोफची आणि सात शिपाई मावतात. वेग वाढला, पण पुढे सुरुंग असले की सारी ब्रिगेड आजही इंजिनिअरांच्याच वाटेकडे पाहते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन नगरला जरूर जा. ती तोफेची लांबी विचारतील, ती सांगा. आणि त्या रणगाड्यासाठी अंधारात आधी पुढे कोण गेले होते, तेही सांगा.