पकड आणि सुटका

ग्लुटामेट ओळखणारा सेन्सर घडवायचा म्हणजे दोन प्रथिनं एकमेकांत गुंफायची. एक ई. कोलाय जिवाणूचं. ग्लुटामेटचा रेणू आत आला की त्या प्रथिनाचे दोन भाग अडकित्त्यासारखे मिटतात. दुसरं जेलीफिशमधलं हिरवं प्रथिन, जीएफपी. त्याचा उजेड देणारा गाभा अकरा पट्ट्यांच्या नळकांड्यात दडलेला असतो. या नळकांड्याची जुनी टोकं जोडायची आणि नवी गाभ्याशेजारी उघडायची. त्या फटीमुळे गाभा मंदावतो. अडकित्ता मिटला की गाभ्यावरचा प्रोटॉन सुटतो आणि निळ्या प्रकाशाखाली प्रथिन हिरवं उजळतं. मार्विन, लूगर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला आयग्लूस्निफर याच रचनेचा.

माझा जीव जडला आहे तो दोघांमधल्या सांध्यांवर. आयग्लूस्निफरमध्ये एका सांध्याला ल्युसीन-व्हॅलीन ही अमिनो आम्लांची जोडी, दुसऱ्याला अ‍ॅस्परजीन-प्रोलीन. एकाच सांध्यावर अशा ४०० जोड्या शक्य असतात आणि कोणती चालेल हे नुसती रचना पाहून सांगता येत नाही. मग जिवाणू वाढवायचे, फोडायचे, ग्लुटामेट घालण्याआधी आणि नंतर उजेड मोजायचा. जिवाणूंत स्वतःचंच ग्लुटामेट भरपूर असतं. ते नीट धुतलं नाही तर सेन्सर आधीपासूनच पेटलेला दिसतो. नवे विद्यार्थी नमुन्यांच्या ताटलीतल्या सर्वांत तेजस्वी खळग्याकडे धावतात. मी आधीचा अंधार तपासते. रिकामा असताना जो काळोखा राहतो, त्याच्यावरच पुढे मेहनत घ्यावी.

त्याहून माझा मोठा आग्रह रेणू सोडण्याविषयी आहे. सिनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडावर, संदेश नेणारं ग्लुटामेट जेमतेम मिलीसेकंदभर दाट असतं. घट्ट पकडीच्या सेन्सरला थोडंसं ग्लुटामेटही दिसतं, पण रेणू लवकर सुटत नाही आणि लागोपाठचे संदेश एकमेकांत मिसळतात. जिवाणूच्या प्रथिनात ७२व्या जागी सेरीनऐवजी अ‍ॅलॅनीन बसवलं की पकड सैल होते, वेग वाढतो. फक्त एक ऑक्सिजनचा अणू कमी! हे अजूनही मला थक्क करतं. १८४व्या जागी व्हॅलीन घातलं तर उलट घडतं.

म्हणून कोणी सेन्सर मागायला आलं की मी आधी विचारते, दोन घटनांमध्ये अंतर किती असेल? दूरवर पसरणारं विरळ ग्लुटामेट पाहायचं असेल तर घट्ट पकडीचा देते. एकेका सिनॅप्सचे झपाट्याने येणारे संदेश मोजायचे असतील तर सैल पकडीचा देते आणि वेगाने चित्रं घेणारा सूक्ष्मदर्शक आहे ना, हेही विचारून घेते.