पेन कुणाच्या हातात

कॅज्युअल्टीतल्या उजेडाला प्रहर नसतो. बाहेर तिन्हीसांज असो की पहाट, आत तोच पाणचट पांढरा झोत, त्यात तरंगणारा स्पिरिटचा, रक्ताचा, पेट्रोलनं भिजलेल्या कपड्यांचा वास, आणि स्ट्रेचरच्या कुरकुरत्या चाकामागून अनवाणी धावत येणारं एखादं अख्खं घर.

मामांच्या उशाशी होतो. शेजारच्या खाटेवर मोटरसायकलवरून पडलेला तरुण. नडगीचा चुरा झालेला. रक्त थांबलं होतं, थोडा अवधी होता. तो पूर्ण शुद्धीत होता, तरी सगळे बोलत होते त्याच्या थोरल्या भावाशी. संमतीपत्र भावापुढे, पेन भावाच्या हातात.

तो पंख्याकडे बघत होता.

मग एक डॉक्टरीणबाई आल्या, स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "पाय ठेवला तर ऑपरेशनं पुन्हापुन्हा, पू होण्याची भीती, कदाचित शेवटी काढावाही लागेल. काढला तर जयपूर फूटवर लवकर उभा राहशील. काम काय करतोस?"

"पाडेली मी, मॅडम. त्या पायानं माड चढता येईल?"

"चढणारे आहेत म्हणतात. तू चढशीलच, असं वचन नाही देत."

त्या 'नाही'त मला कितीतरी आदर ऐकू आला. कारण त्या पायात नुसतं हाड नव्हतं. बुंध्याच्या खाचांची तळव्याला असलेली ओळख होती, वरच्या वाऱ्यात झुलणाऱ्या झावळ्यांपाशी तोल सावरण्याची सवय होती, पावसाळ्यातल्या शेवाळाची धास्ती होती, आणि यातलं काहीच एक्स-रेवर उमटत नाही.

२००२ साली अमेरिकेतल्या आठ ट्रॉमा सेंटरांमधल्या अशा चिरडलेल्या पायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाय वाचवलेले आणि पाय काढलेले, दोन वर्षांनी दोघांचंही जगणं जवळपास सारखंच भरलं. फरक पाडला तो गरिबीनं, माणसांच्या पाठबळानं, स्वतःवरच्या भरवशानं. शास्त्रच दोन्ही वाटांवर बोट ठेवून थांबलं, तर पुढचं पाऊल कुणी टाकायचं?

आपल्याकडे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात सांगितलं: भुलीखालच्या सज्ञान मुलीसाठी आईनं दिलेली संमती चालत नाही, जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी.

त्या पाडेल्यानं काय ठरवलं, ते मी सांगणार नाही. ते त्याचं आहे. तुमच्यापुढे कधी तो कागद आला आणि खाटेवरचं माणूस शुद्धीत असलं, तर पेन आधी त्याच्याकडे द्या.