टांकसाळीचा बिल्ला

अमेरिकेची टांकसाळ दरसाल आपल्या न चाललेल्या कोऱ्या नाण्यांचे संच संग्राहकांना विकते. गेल्या शतकाच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या बहुतेक संचांत फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या दोन टांकसाळींची प्रत्येकी पाच नाणी असत : सेंट, निकेल, डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर. दर्शनी मूल्य दोन्हींचे मिळून 1 डॉलर 82 सेंट. फिलाडेल्फियाच्या पारदर्शक पाकिटावर निळी पट्टी, डेन्व्हरच्या पाकिटावर तांबडी. आणि प्रत्येक पाकिटात त्या त्या टांकसाळीचे नाव कोरलेली एक छोटी धातूची चकती. या चकतीने काही विकत घेता येत नाही. नाणी काढून घेतली की ती मागे उरते.

अशा 22 चकत्यांचा वाद माझ्यापुढे आला. माझे एक स्नेही नाण्यांचे मोठे षौकी होते. अमेरिकेतील त्यांचे मेहुणे त्यांना असे संच पाठवीत. त्यांच्या पश्चात दोन्ही मुलांनी अकराच्या अकरा संचांची पाकिटे फाडून नाण्यांचा ढीग केला आणि मग ते वाटणीची याद लिहून घ्यायला माझ्याकडे आले. पाकिटे शाबूत असती तर संचाला काही किंमत आली असती. पण त्याचे दुःख नाण्यांच्या षौक्यालाच कळावे. वडीलपणाच्या हक्काने थोरल्याने चकत्या उचलल्या. धाकटा म्हणाला, "काका, नाणी म्हणून मोजा की! त्यांवर टांकसाळीचे नाव आहे."

त्याचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. आपला 2011 चा नाणेविषयक कायदा भारत सरकारच्या एक रुपयाच्या कागदी नोटेलाही 'नाणे' म्हणतो! कागद नाणे ठरतो तर धातू का नाही? उत्तर एवढेच, की तिथे कसोटी धातूची नसून चलन म्हणून मिळालेल्या मान्यतेची आहे. या चकतीला ती मान्यता तिच्या मायदेशीही नाही.

मग यादीत लिहायचे काय? 'टोकन' लिहिता आले असते. बँकेत रोखपालासमोर पितळी टोकन धरून आपण सर्वच ताटकळलो आहोत. पण यादी मराठीत होती आणि मला मराठी शब्द हवा होता. टांकसाळ हा शब्द 'टंकशाले'वरून आला. त्याच 'टंका'तून आपला टक्का आणि बांगलादेशाचा टका निघाला, टंकलेखनही त्याच घरचे. दाम ग्रीकांच्या द्राख्म्यापासून द्रम्म होत आपल्यापर्यंत पोचला. होन तर आमच्या शेजारच्या कानडीतल्या 'होन्नु'चा, म्हणजे सोन्याचा. (सीमेवरचे भांडण शब्दांनी कधी मनावर घेतले नाही.) एवढ्या श्रीमंत गोतावळ्यात या निर्धन चकतीला साजेल असे नाव मला हमालाच्या दंडावर दिसले : बिल्ला. बिल्ला म्हणजे पैसा नव्हे. तो कोण कुठला, एवढे सांगतो. मी लिहिले, 'टांकसाळीचे बिल्ले, नग 22, मूल्य निरंक'. मूल्य निरंक म्हटल्यावर दोघांनीही हक्क सोडला आणि वहिनींनी ती पुरचुंडी माझ्या हाती ठेवली.

उपयोग मात्र निघाले. नाणी हाताळायला नवख्या मुलांना मी आधी बिल्ला देतो. बोटे कडेलाच लागली पाहिजेत, पृष्ठभागाला नव्हे; ही सवय बिल्ल्यावर चुकतमाकत लागली तरी कोणाचे नुकसान होत नाही. एका बिल्ल्याची अर्धी बाजू चिंच-मिठाने घासून ठेवली आहे. "नाणे लख्ख केले तर किंमत वाढेल ना?" असे विचारणाऱ्याच्या हाती तो आणि भिंग देतो. घासलेल्या भागावरचे बारीक ओरखडे पाहिले की पुन्हा तो प्रश्न येत नाही. आणखी एकाला भोक पाडून किल्ल्यांना लावले. आपले चलनी नाणे नष्ट करणे वा वितळवणे कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून हौस बिल्ल्यावर भागवावी.

सर्वांत चांगला उपयोग वहिनींच्या नातवाने काढला. वाटणीत आलेली नाणी तो वर्षवार लावत होता. डेन्व्हरच्या नाण्यावर 'डी' हे अक्षर असते. फिलाडेल्फियाच्या सेंटवर मात्र त्या काळी अक्षरच नसे. 'हे कुठले?' म्हणून तो अडला, तेव्हा मी पुरचुंडी त्याच्यापुढे सोडली. त्याने वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकेक बिल्ला बसवला आणि त्याखाली त्या त्या टांकसाळीची नाणी मांडली. धाकट्या काकांच्या वाट्याची नाणी आणायला तो दुसऱ्या दिवशी सायकलवरून शहापूरला गेला.