आंजर्ल्याची खाडी आणि तापलेले मशीन

दापोलीहून आंजर्ल्याला जाणारे बहुतेक लोक कड्यावरचा गणपती, लांबलचक पुळण आणि हंगाम असेल तर कासवांची पिल्ले पाहून परततात. गावाचा खरा व्यवहार मात्र दक्षिणेच्या बाजूला, जोग नदी समुद्राला मिळते त्या खाडीत चालतो. खाडीवर आता पूल आहे. पूर्वी अडखळच्या बाजूने यायचे तर तरीत बसावे लागे. हर्णैचे बंदर मासळीच्या लिलावासाठी नावाजलेले, पण तिथे वाऱ्याला आडोसा कमी. म्हणून वादळाची सूचना आली की हर्णै आणि पाजपंढरीच्या बोटी याच खाडीत आसऱ्याला येतात. आसरा चांगला आहे, दार अरुंद आहे. खाडीच्या मुखाशी वाळू आणि गाळ साचतो, आणि ओहोटीला पाण्याची वाट एखाद्या पाणंदीएवढी उरते.

सुवर्णदुर्ग पाण्यातून पाहायचा म्हणून आम्ही घरची सात माणसे एका लहान मच्छीमार बोटीतून निघालो होतो. तांडेलचाचा साठीच्या पुढचे, बोलणे कमी. आंग्रेंचा हा किल्ला १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला, ही आम्ही मुलांना सांगितलेली हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. त्यांची नजर मात्र सारखी बोटीच्या कडेला जात होती. तिथल्या नळीतून पाण्याची धार समुद्रात पडत होती.

त्या धारेचे महत्त्व परतताना कळले. किल्ल्यापाशी आमचा वेळ जास्त गेला आणि ओहोटी लागली. मुखाच्या अरुंद वाटेत शिरलो तेव्हा पाणी गढूळ होते, तळ एकदा घासल्यासारखा वाटला. थोड्या वेळात धार बारीक झाली आणि नळीतून वाफ येऊ लागली. "मशीन तापलं," चाचा म्हणाले आणि त्यांनी वेग कमी करून नाव वळवली, ती किनाऱ्याकडे नाही, तर उलट समुद्राकडे! घर समोर दिसत असताना हे काय, असे आमच्या आपाने विचारलेही. उत्तर नंतर मिळाले. मुखात मशीन बंद पडले असते तर ओहोटीच्या ओढीने आणि लाटांनी बोट वाळूच्या दांड्यावर आडवी टाकली असती. बाहेर खोल पाण्यात नांगर धरतो. नांगर पडल्यावरच त्यांनी मशीन बंद केले.

बोटीचे डिझेल मशीन समुद्राच्याच पाण्याने थंड होते. तळाच्या भोकातून पाणी आत येते, जाळीतून गाळले जाते, रबरी पाकळ्यांचा छोटा पंप ते पुढे ढकलतो, आणि उष्णता घेऊन तेच पाणी कडेच्या नळीतून बाहेर पडते. काही मशीनमध्ये खारे पाणी थेट आत फिरते. ती साधारण ६० अंशांच्या आसपासच चालवावी लागतात, जास्त तापली की आत क्षार धरतो. चाचांच्या मशीनला आत गोडे पाणी आणि ते थंड करायला बाहेरचे खारे, अशी दुहेरी सोय होती.

खलाशाने गोड्या पाण्याच्या झाकणाला हात घालताच चाचा ओरडले. गरम झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. तापलेल्या मशीनवर गार पाणी ओतायचीही मनाई, लोखंडाला तडा जातो. आधी तळाचा वॉल्व बंद करून त्यांनी जाळी काढली. तिच्यात लोण्यासारखा गाळ होता आणि प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. जाळी धुतली, वॉल्व उघडला, मशीन सुरू केले. धार तरीही बारीकच.

मग पंपाचे झाकण उघडले. रबरी चक्राच्या सहा पाकळ्यांपैकी दोन तुटलेल्या. जाळी तुंबल्यामुळे पंप कोरडा फिरला होता. पाणी हेच या रबराचे वंगण, ते नसेल तर रबर काही मिनिटांत जळते. नवे चक्र पत्र्याच्या डब्यात तयार होते, पण चाचांनी ते लगेच बसवले नाही. "तुटलेले तुकडे कुठे गेले?" एक पंपातच सापडला. दुसरा पुढच्या नळीच्या वळणात अडकलेला, तो काढायला अर्धा तास लागला. तो राहिला असता तर नवे चक्र घालूनही मशीन तापलेच असते. नव्या पाकळ्यांना भांड्याचा साबण लावून त्यांनी चक्र फिरण्याच्या दिशेने वळवत आत सरकवले. यावेळी धार जाड आणि गार पडली.

तरीही आम्ही निघालो नाही. भरती लागेपर्यंत चाचा थांबले. असरची नमाज आम्ही बोटीतच बसून अदा केली.

पंप तुटला हे खरे, पण तुटला तो खाडीच्या उथळ तोंडामुळे. गाळ काढावा ही इथल्या मच्छीमारांची मागणी जुनी आहे. बोट वाळूवर चढल्याची बातमी येते तेव्हाच आपले तिकडे लक्ष जाते. रोज गाळ ओढून झिजणाऱ्या मशीनांची बातमी होत नाही. तो खर्च तांडेलाच्या घरातून जातो. मासळी नसलेल्या दिवशीही जातो.

मुलाबाळांसह या बाजूला बोटीत बसायचे असेल तर लाइफ जॅकेट सर्वांना पुरतील एवढी आहेत का आणि भरती किती वाजता, हे आधी विचारावे. आणि मशीन सुरू झाले की कडेची धार पाहावी. आमची धाकटी आता बोटीत पाय ठेवताच आधी तीच शोधते.