न ऐकता निवाडा नको

आमचे शिवरे हे पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. ज्यांच्या आज्यांनी पाटी-पेन्सिल पाहिली नाही, त्यांच्या नाती आज एस.टी.ने भोरला, पुण्याला कॉलेजात जातात. ही बाबासाहेबांची पुण्याई. परंतु मुलीची फी भरली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे नाही.

माझ्या पुतणीने तिच्या कॉलेजातील एका शिक्षकाच्या गैरवर्तनाविषयी तोंड उघडले, तेव्हा घरात दोन तट पडले. तिची आई, म्हणजे माझ्या जाऊबाई, म्हणाल्या, "गप्प राहा पोरी, उद्या तुझं लग्न जमवायचंय." धाकटे भाऊजी म्हणाले, "चौकशी कसली करता? आजच्या आज हाकला त्याला." कॉलेजातून निरोप आला, "तोंडी मिटवू." पोर म्हणाली, "काकू, मला मिटवायचं नाही. माझं लिहून घ्या, त्याचंही लिहून घ्या, आणि मग काय ते ठरवा."

मला तिचेच म्हणणे पटले. त्याला कारण आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना गावकीने न विचारता, न ऐकता शिक्षा दिल्या. वाळीत टाकताना कुणी त्यांचा जबाब घेतला होता? ती रीत ज्यांनी सोसली, त्यांनी ती दुसऱ्यावर चालवू नये. आणि मुलीचे ऐकूनच न घेणे हीदेखील तीच रीत, हे विसरू नये.

गोवा विद्यापीठातील प्रकरण पाहा. २००९ साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. समितीने घाईघाईने बैठका घेतल्या, त्याने मागितलेली मुदत नाकारली आणि त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकली. २०१० साली तो बडतर्फ झाला. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. तो निर्दोष आहे असे न्यायालय म्हणाले नाही. बचावाची पुरती संधी मिळाली नाही, म्हणून चौकशी पुन्हा करा, असे सांगितले. चौदा वर्षांनी प्रकरण पुन्हा समितीपुढे! घाईचा फटका शेवटी कोणाला बसला? त्या मुलींनाच.

भगिनींनो, २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आपण समजून घेतले पाहिजेत. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करावी. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते, किमान निम्म्या सदस्य महिला असतात आणि बाहेरचा एक सदस्य असतो. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला जाते, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. समेट मुलीने मागितला तरच, आणि पैसे देऊन नाहीच. पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. चौकशी चालू असताना त्या शिक्षकाने तिचे पेपर तपासू नयेत, अशी मागणी करता येते. गुन्हा घडला असेल तर पोलिसांत जाण्याचा हक्क वेगळा; समिती त्याला पर्याय नाही.

यात परके काही नाही. तथागतांच्या संघात वाद मिटवण्याचे जे सात मार्ग होते, त्यांतला पहिला 'सम्मुखविनय', म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या समोर निर्णय. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की भिक्खू संघांना सभेच्या कामकाजाचे नियम ठाऊक होते. संविधानाच्या ३११ व्या कलमाने सरकारी नोकराला आरोप कळवून, बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. आपल्या शेकडो शिकलेल्या मुलांच्या नोकऱ्या याच तत्त्वाच्या आधाराने टिकल्या आहेत. मग तेच तत्त्व आपल्या मुलीच्या तक्रारीच्या आड येते असे का समजावे? नीट झालेली चौकशी वरच्या कोर्टात टिकते, आणि टिकलेला निकालच मुलीला खरे संरक्षण देतो.

समितीचा आदेश दर्शनी जागी लावणे संस्थेला बंधनकारक आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा मुलींना एवढेच विचारा : तुमच्या कॉलेजात हा कागद कुठे लावला आहे? सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी चार आयाबायांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

जयभीम!